हमीदचाचांची होडी

लातुरात मोठ्यानं 'होडी' म्हणून ओरडावं असं काहीही नाही. नदी शहरापासून लांब, आणि नळाला पाणी येतं तेही चोरपावलांनी. तरी मी भाड्याची खोली बघायला पहिल्यांदा त्या गल्लीत गेले, तेव्हा एक उंच, वाळक्या अंगाचे, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ स्वतःच्याच घराच्या उंबऱ्याबाहेर उभे राहून आत ओरडत होते, "होडी?"

दार सताड उघडं होतं. आत एक खाट, एक स्टूल, रॉकेलचा स्टोव्ह. माणूस नाही. गृहस्थांनी मान तिरकी करून कान दिला. मीही उगीच कान दिला. आतून खरंच काहीतरी ऐकू येईल असं मला वाटलं, आणि तेवढ्यात त्यांनी समाधानानं मान हलवली, चपला काढल्या आणि आत गेले.

"कुणाला हाक मारत होता?" मी विचारलं.

"हाक न्हाई. इचारत होतो. येऊ का म्हणून."

"आत कोण आहे?"

"कोणीच न्हाई."

"मग?"

"म्हणून तर थांबावं लागतंय. कोणी असतं तर पटकन जवाब आला असता."

खोली मी घेतली. भाडं कमी होतं आणि पाण्याची टाकी मोठी होती. लातुरात या दोन गोष्टींपुढे मालकाच्या डोक्याचा विचार कुणी करत नाही.

ते दिवस क्लासेसच्या भरभराटीचे. गल्लोगल्ली क्लास, भिंतीभर डॉक्टर झालेल्या पोरांचे फोटो, आणि आसपासच्या चार जिल्ह्यांतून पत्र्याची पेटी घेऊन येणारी पोरंपोरी. मी मूळची देगलूरची. एका क्लासमध्ये प्राणिशास्त्र शिकवायला आले होते. हमीदचाचांच्या घरात वर मी, खाली ते, आणि मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या खोल्यांत मेडिकलची तयारी करणाऱ्या मुली.

चाचा उमरीचे. जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. तरुणपणी एक गुजराती शेठ त्यांना आफ्रिकेत घेऊन गेला, टांझानियात, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी म्वांझा नावाचं गाव आहे तिथं. तिकडेही कापूस पिकतो आणि तिकडचीही यंत्रं बिघडतात. चाचा तिथं अर्धं आयुष्य राहिले. बाजारात स्वाहिली शिकले, फॅक्टरीतल्या मजुरांकडून सुकुमा शिकले, आणि परत आले ते या दोन भाषा डोक्यात घेऊन. 'होडी' हा शब्द त्यातलाच. दुसरं फारसं काही आणलेलं दिसत नव्हतं.

त्यांचं घड्याळ कायम चुकलेलं असे. सकाळी सातला ते 'एक वाजला' म्हणत. तिकडं दिवस सूर्याबरोबर सुरू होतो, म्हणून उजाडल्यावरचा पहिला तास तो एक. "आन् हेच बरोबर हाय," ते सांगत, "मध्यरात्री कुणाचा दिस सुरू होतो? चोराचा." नव्यानं आलेली एखादी मुलगी त्यांना वेळ विचारून क्लासला निघायची आणि रडवेली होऊन परतायची.

मला ते 'म्वालिमू' म्हणत. म्वालिमू म्हणजे शिक्षक. "तुमच्या माझ्या ओळखीचाच शब्द हाय. मुअल्लिम. अरबांसंगं जहाजात बसून तिकडं गेला. गेल्यावर त्येंनी त्याचं मुंडकं तपासलं."

मुंडक्याचं प्रकरण असं, की आपण शब्दाला शेपूट लावतो. घर, घरात, घराचा. ते लोक मुंडकं लावतात. 'तू' हे मूळ. म्तू म्हणजे माणूस, वातू म्हणजे माणसं, ऊतू म्हणजे माणुसकी. सुकुमात तोच म्तू 'मुन्हू' होतो आणि माणसं 'बान्हू' होतात, आणखी खाली दक्षिणेकडे गेलं की 'बंटू'. म्हणून त्या सगळ्या भाषांना बंटू म्हणायचं. हे सगळं चाचा पाना-पक्कड हातात धरून, नळाची गळती काढता काढता सांगत.

"बिचाऱ्या किताबचे लई हाल झाले," असं म्हणून ते हसायला लागत. "किताब तिकडं गेली. त्येंना वाटलं, 'कि' हे मुंडकं हाय. वस्तूचं मुंडकं 'कि' असतंय ना! मग एक आसली तर किताबू आन् लई झाल्या तर विताबू. अरबाला कळलं तर चक्कर यील."

मग एकदम हसू थांबवून म्हणायचे, "आन् म्तूचं मुंडकं काढून 'कि' लावलं, की कितू. कितू म्हंजे वस्तू, लई झाल्या तर वितू. बस, येवढंच अंतर हाय. मुंडकं बदललं की माणसाची वस्तू."

मुली हे ऐकून खिदळत. मला ते कधी हसण्यासारखं वाटलं नाही.

शब्दांच्या नात्याबाबत ते फार कडक होते. वकाती आणि आपला वखत, हाबारी आणि खबर, दुका आणि दुकान, गारी आणि गाडी, ही सगळी खरी नाती, समुद्रावरून ये-जा केलेली. पण सिम्बा म्हणजे सिंह असं मी मोठ्या उत्साहानं म्हणाले, तर ते दुखावलेच. "न्हाई न्हाई. त्यो नुसता तोंडवळा हाय. कानाला सारखं लागलं म्हणून नातं होत न्हाई, म्वालिमू." तिकडं मामा म्हणजे आई, काका म्हणजे थोरला भाऊ आणि दादा म्हणजे बहीण. हे सगळे नुसते तोंडवळे. त्यामुळे 'माझी दादा वारली' असं ते म्हणाले, की नव्या मुली एकमेकींकडे बघत.

नियम त्यांचा, तरी एकदा त्यांनी स्वतःच तो मोडला. जिना म्हणजे नाव. "आन् आपल्यात जीना म्हंजे जगणं. नाव घेणारं कोणी आसंल तवरच माणूस जगतंय. हे नातं पक्कं हाय," असं त्यांनी ठोकून दिलं. हा तोंडवळा आहे हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

त्यांचा 'पोले' मात्र सगळ्या मुलींना पाठ होता. पोले म्हणजे तुला त्रास झाला, मला वाईट वाटलं. यात माफी नसते, कारण चूक आपली नसतेच. टेस्टमध्ये कमी मार्क पडले, पाण्याच्या घागरीनं हात दुखला, घरून फोन आला नाही, की मुली त्यांच्या खाटेपाशी जाऊन उभ्या राहत. चाचा मान वर न करता म्हणत, "पोले, बेटा. पोले सना, लई पोले." आणि मुली परत अभ्यासाला बसत. आमच्या क्लासनं समुपदेशक नेमला होता, पण त्याच्याकडे एवढी गर्दी कधी झाली नाही.

त्या घराचे काही कायदे होते. डोक्याच्या उंचीच्या वर काहीही ठेवायचं नाही. फळी नाही, माळा नाही, खुंटीसुद्धा खांद्याच्या खाली. मुलींच्या पेट्या, पुस्तकं, लोणच्याच्या बरण्या, सगळं जमिनीवर. घराला दगड एकही लावलेला नव्हता. लातूरच्या माणसाला याचं कारण विचारावं लागत नाही. भूकंप होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी किल्लारीचं नाव निघालं की बोलणारे एकदम गप्प होत. चाचांची बहीण किल्लारीजवळच्या एका खेड्यात दिलेली होती, एवढं मला कळलं होतं. त्यापुढे मी विचारलं नाही.

एका संध्याकाळी नेहमीप्रमाणे वीज गेली. मुली अंगणात येऊन बसल्या. चाचा म्हणाले, "झीमा." म्हणजे विझव.

"आन् त्याच्यातूनच म्झीमू," ते अंधारात सांगू लागले. "म्झीमू म्हंजे गेलेलं माणूस. विझलेलं. ते राहतंय कुठं, तर कुझीमू. 'कु' म्हंजे जागा. विझलेल्यांची जागा. जमिनीच्या खाली. आन् एखादा येड्यासारखा वागाया लागला, तर त्याला झालंय वाझीमू. विझलेले त्याच्या आंगात बसलेत."

"चाचा, भीती वाटते," सारिका म्हणाली. ती त्यांच्याच उमरीची, त्यामुळे त्यांच्याशी जरा जास्त बोलायची.

"भ्यायचं काय त्यात? दिवा विझला म्हणून घराबाहेर जातो का? त्याच कोनाड्यात असतो. फकस्त दिसत न्हाई."

वीज आली तेव्हा सगळ्यांनी पहिल्यांदा चाचांच्या उघड्या दाराकडे पाहिलं. मीसुद्धा.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता जमिनीतून आवाज येऊ लागले. मराठवाड्यात हे मधूनमधून होतं. खोल कुठंतरी दगडांनी भरलेला ट्रक कुणी रिकामा करावा तसा आवाज. कधी नुसता आवाज, कधी पायाला कळेल न कळेल अशी थरथर. भिऊ नका, असं अधिकारी सांगत. गावोगावची माणसं मान डोलावत आणि अंथरुणं बाहेर टाकत.

एका दुपारी मी जिना उतरत होते. चाचा भाजीची पिशवी घेऊन बाजारातून आले, उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि म्हणाले, "होडी?"

आणि जमिनीतून धडाम् असा आवाज झाला.

आतली भांडी किणकिणली. जिन्याचा लोखंडी कठडा माझ्या हाताखाली हलला. मागे मुली किंचाळल्या. मग एकदम शांत झालं, इतकं की पिशवीतून निसटलेला कांदा फरशीवरून घरंगळत गेलेलाही ऐकू आला.

चाचा हलले नाहीत. आवाजानं घाबरलेला माणूस इकडेतिकडे बघतो. ते सरळ आत बघत होते. आत खरंच कुणी उभं असावं, असे. मग त्यांनी पिशवी उंबऱ्यावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकले.

त्या दिवसापासून ते घरात गेले नाहीत. खाट अंगणातल्या कडुलिंबाखाली आणली. स्टोव्ह, कपडे, औषध, जे हवं ते मुलींकडून आतून मागवून घेत. 'होडी' बंद झालं. बोलणंही जवळजवळ बंद झालं.

त्याचे परिणाम व्हायचे ते झाले. मुलींचे वडील चौकशीला येत. मी त्यांना सांगे, घर पक्कं आहे, वर पत्रा आहे, दगड एकही नाही. ते ऐकून घेत आणि लिंबाखालच्या खाटेकडे बोट दाखवत. "मग मालक भाईर का झोपलाय?" ऐन परीक्षेच्या वर्षात एकेक खोली रिकामी व्हायला लागली. चाचांना पावसाच्या ओलीनं खोकला धरला. एका सकाळी त्यांना उठून बसताही येईना, तेव्हा मी चहा घेऊन त्यांच्यापाशी गेले आणि सरळ म्हणाले, "चाचा, असं चालायचं नाही. आत चला."

"आत कसं जाऊ? मला करीबू म्हणवंना."

"करीबू?"

"होडीचा जवाब. करीबू म्हंजे या, जवळ या. आपलं करीब हाय ना, तेच." ते दम खात बोलत होते. "आजवर मी इचारत होतो आन् आतून करीबू यायचं. आता खालून कोणीतरी होडी म्हणून राहिलंय, म्वालिमू. त्या दिवशी ऐकलं न्हवं तुम्ही? येऊ का म्हणून इचारून राहिलंय. आन् माझ्या तोंडून या म्हणून निघत न्हाई."

मग त्यांनी सगळं सांगितलं.

म्वांझात त्यांनी लग्न केलं होतं. बायकोचं नाव नेमा. "आपली नियामत हाय ना, तीच नेमा. हे मात्र खरं नातं." मूलबाळ झालं नाही. नोकरी संपल्यावर ते तिला घेऊन बहिणीच्या गावी आले. काळीभोर, उंच नेमा त्या खेड्यात दारोदार 'होडी?' म्हणत फिरायची. आधी गाव हसलं. मग हळूहळू बायका आतून 'करीबू' म्हणायला लागल्या. नेमा नणंदेला दादा म्हणायची आणि नणंद तिला कुठं ठेवू आणि कुठं नको असं करायची. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती, पण दिवसभर बोलत बसायच्या.

जिनिंगचा हंगाम तोंडावर आला, की चाचा उमरीला यंत्रं दुरुस्त करायला जात. भूकंपाच्या पहाटे ते उमरीतच होते. ट्रकमधून, जीपमधून, चालत, कसेबसे ते गावात पोचले. गाव नव्हतंच. सगळा दगडमातीचा ढीग, आणि वरून पाऊस.

"कालपर्यंत वातू होते," ते म्हणाले. "त्या दिवशी वितू झाले होते. रांगेत ठेवलेले."

घर कुठलं तेही ओळखू येईना. दारातल्या जात्यावरून त्यांनी अंदाज केला, ढिगावर चढले आणि ओरडले, "होडी?" नुसतं नाव घेऊन ओरडणारे सगळीकडे होते. हा शब्द दुसऱ्या कुणाचा नव्हता. ते ओरडत राहिले. आणि पुष्कळ वेळानं दगडांच्या खालून बारीक आवाज आला, "करीबू."

"मी आन् चार माणसं. हातानं दगड काढले. नखं गेली. मी रडून राहिलो, हसून राहिलो, तिच्या जुबानीत बोलून राहिलो, की आलो, नेमा, आलो. शेवटी एक फळी काढली. खाली दादा होती. माझी बहीण. नेमाकडून शिकलेला शब्द तिनं म्हणला होता."

मी चहाचा कप त्यांच्यापुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला.

"माझी सख्खी बहीण जिती निघाली, म्वालिमू. आन् माझं तोंड उतरलं. तोंडातून निघून गेलं, 'तू?' तिनं पाहिलं माझ्याकडं. समदं पाहिलं."

नेमा दुसऱ्या दिवशी सापडली.

त्यानंतर ते बहिणीला लातूरला घेऊन आले, हे घर बांधलं. बहीण त्यांच्याजवळ पुष्कळ वर्षं राहिली. ते बाहेरून आले, की होडी म्हणायचे आणि ती आतून करीबू म्हणायची. त्या एका शब्दाबद्दल ती कधी बोलली नाही. तेही बोलले नाहीत. ती गेल्यावरही ते दारात थांबत राहिले. "दोघींपैकी कोणीबी म्हणलं तरी चालतंय," असं ते म्हणाले आणि खोकल्यानं त्यांना पुढं बोलू दिलं नाही.

ही हकीगत मी सारिकाला सांगितली, कारण मला दुसरं काय करावं ते सुचेना. तिला सुचलं. तिचा भाऊ नांदेडला फार्मसी शिकत होता आणि त्याच्या हॉस्टेलवर टांझानियाचा एक मुलगा होता. फोनाफोनी झाली. चाचांचा खोकला उतरल्यावर मी त्यांना नांदेडला डॉक्टरांना दाखवायचं आहे असं सांगून बसमध्ये बसवलं. त्यांचा विश्वास बसला नाही, पण त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला.

मुलाचं नाव बराका. हॉस्टेलच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीशी तो उभा होता. मोबाइलमध्ये डोकं, पायात रबरी चपला. चाचा रिक्षातून उतरले आणि त्याला पाहून जागच्या जागी थांबले. बराकानं मोबाइल खिशात टाकला, पुढं आला, किंचित वाकला आणि म्हणाला,

"शिकामो, म्झे."

बराकाला वाटलं चाचांना ऐकू आलं नसावं, म्हणून त्यानं जरा मोठ्यानं पुन्हा म्हटलं. तेव्हा चाचा म्हणाले, "माराहाबा." एवढंच म्हणाले आणि टपरीच्या बाकावर बसले.

मग ते दोघं जे बोलायला लागले ते दुपार उलटेपर्यंत. मला एक अक्षर कळलं नाही. बराका मधूनच खो खो हसायचा. त्यानं मला हिंदीत सांगितलं, की हे आजोबांच्या काळातल्या रेडिओसारखं बोलतात आणि मध्येच सुकुमा शेतकऱ्यासारखे. जिना आणि जीना हे नातं ऐकून तर तो बाकावरून पडायचाच राहिला. चाचाही हसले. त्यांना एवढं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

परतीच्या बसमध्ये चाचा म्हणाले, "शिका म्हंजे धर. मो म्हंजे मिगू, पाय. म्झे म्हंजे वडीलधारं माणूस. तुमचे पाय धरतो. धाकट्यानं थोरल्याला म्हणायचं. थोरल्यानं माराहाबा म्हणायचं, म्हंजे पावलं, पोचलं. ह्यो शब्द आपला आपल्याला म्हणता येत न्हाई, म्वालिमू. म्हणून तुम्हाला कधी सांगितला न्हाई."

"तिकडून आल्यावर कुणी म्हणालंच नाही?"

"मला कोण म्हणणार? नेमा दादाला म्हणायची. रोज सकाळी. आन् दादा चुलीपुढून म्हणायची, माराहाबा, जशी काय तिकडचीच थोरली बाई." ते थोडं हसले. "मी तिचा धाकटा भाऊ. मी कधी म्हणलो न्हाई. वाटायचं, आपल्यात कुठं म्हणतेत. आन् नंतर म्हणाया तोंड ऱ्हायलं न्हाई."

त्या संध्याकाळी चाचा घरात गेले आणि रात्री आतच झोपले, हे आधीच सांगून टाकते. मुलींना तेवढंच महत्त्वाचं वाटलं, आणि पुढच्या आठवड्यात दोन खोल्या परत भरल्या. मला मात्र त्याच्या तासभर आधीचं आठवतं.

बस स्टँडवरून घरी जाताना त्यांनी रिक्षा कबरस्तानापाशी थांबवली. मी फाटकाशी उभी राहिले. उन्हं कलली होती, गवत गुडघ्याएवढं वाढलं होतं. बहिणीची कबर साधी, मातीचा उंचवटा, वर दगड नाही. पावसानं तो चहूबाजूंनी सारखाच बसला होता. चाचा त्याच्याभोवती एकदा फिरले, थांबले, आणि गवत कापत बसलेल्या रखवालदाराला त्यांनी हाक मारली.

"मियाँ, इसका पैताना किधर है?"

रखवालदारानं विळ्यानंच दाखवलं. "सिरहाना उधर, चाचा. पाँव इधर."

चाचा त्या बाजूला आले. टोपी नीट केली, खाली बसले, आणि दोन्ही हात मातीवर ठेवले.